आत्याची भाडेवाढ

माझी आत्या दवाखान्यात आया होती. निवृत्त झाली आणि सत्तरीत पुन्हा कामाला लागली. लकवा झालेल्या एका पेशंटला रोज सकाळी उठवायचं, पुसायचं, कूस बदलून द्यायची. स्वतःच्या गुडघ्यांनी कधीच हात टेकलेत आणि ही दुसऱ्याचं अंग उचलतेय! का? तर पेन्शन औषधांतच संपतं आणि भाड्याने दिलेल्या वरच्या दोन खोल्यांचं भाडं आठ वर्षांपूर्वी होतं तेवढंच आहे. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

भाडेकरू कोण, तर कोपऱ्यावरचा किराणावाला. तेल, साखर, साबण, सगळ्याचे भाव हा उठसूट वाढवणार आणि वर हळहळणार, "महागाई हो, आम्ही तरी काय करणार!" आत्या त्याच्याच दुकानातून सामान आणायची. महागाई जिना चढून त्याच्या खोल्यांत मात्र कधी गेली नाही.

"मागायची लाज वाटते रे," आत्या म्हणायची. "चहा पिता पिता एकदा बोलले होते. हो म्हणाला."

"मग वाढवून दिलं?"

"विसरला असेल."

विसरतो कसला!

शेवटी मीच तिला भाडे कार्यालयात ओढत नेलं. तिथल्या बाईंनी नियम सांगितला. वाढ वर्षातून एकदाच, सरकार जाहीर करेल त्या महागाईच्या दराइतकीच, आणि तीही दोन महिने आधी लेखी कळवून. चहावरचं बोलणं धरत नाहीत. राहून गेलेल्या वर्षांची वाढ मागाहून मिळत नाही.

म्हणजे आठ वर्षांवर पाणी सोडायचं! मी भडकलो. "दुप्पट माग. नाहीतर चालू लाग म्हणावं."

"नियमात बसेल तेवढंच," आत्या म्हणाली. तिच्या या सरळपणाचाही मला संताप आला.

नोटीस मिळाली त्याच संध्याकाळी किराणावाला तणतणत खाली आला. "आई, शोभतं का हे तुम्हाला? घरच्यासारखे राहतो आम्ही. माणुसकी आहे की नाही काही?"

माझे हात शिवशिवत होते. गुडघ्याला मलम चोळता चोळता आत्या थांबली.

"माणुसकी आठ वर्षं फुकट नेलीस. ती कायदाही परत देत नाही आणि मीही मागत नाही. नोटिशीत आहे तेवढं वाढीव भाडं तारखेला दे. आणि मला आई म्हणू नकोस. मी कामावर निघायचे तेव्हा रोज जिन्यावरून बघत होतास तू."

तो वर निघून गेला. वाढ इतकी किरकोळ होती की काम काही सुटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चपला घालताना आत्या मला म्हणाली, "पुढच्या वर्षीची नोटीस कधी द्यायची, ते आत्ताच विचारून ये."