सरांची खरी चाल

सरळ माणसं आता उरली नाहीत, अशी तक्रार सगळीकडे ऐकू येते. ती करणाऱ्यांनी आमच्या पी.टी. सरांना पाहिलेलं नसावं. सरांइतका सरळ विजेचा खांबसुद्धा मी अजून पाहिलेला नाही. स्वभावाचं मी बोलत नाही, तो चार माणसांसारखाच कुठे कुठे वाकडा आहे. मी बोलते आहे ते त्यांच्या उभं राहण्याबद्दल. सर रेशनच्या दुकानात उभे राहिले की मागची रांग आपोआप सरळ व्हायची. लग्नात जेवायला गेले की हातात ताट घेऊन आधी पुढच्या माणसाच्या मानेवर नजर लावून अंतर घ्यायचे, मग भाताकडे बघायचे. न्हाव्याने 'जरा इकडे' म्हटलं की हळूच मान कलवणं त्यांना जमायचं नाही, ते 'बाएं देख' करायचे, आणि त्या झटक्यापायी त्यांच्या कानामागे कायम कापसाचा बोळा चिकटवलेला असायचा. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, सांगायच्या की सर झोपेतसुद्धा टाचा जुळवून, हात मांडीला लावून झोपतात आणि कूस बदलायची झाली तर आधी 'सावधान' होतात.

डोंगरगडच्या आमच्या शाळेत ते आम्हाला मिळाले. शाळा हिंदी, सर मराठी, त्यामुळे हुकूम हिंदीत आणि शिव्या वऱ्हाडीत अशी कामाची वाटणी होती. बाबा रेल्वेत गँगमन होते आणि आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं, तेव्हा मी डोळ्यांत भरण्यासारखी मुलगी नव्हतेच. सरांच्या डोळ्यांत मी भरले ती माझ्या दोषामुळे. कदमताल सुरू झालं की माझा डावा पाय आणि डावा हात एकदमच पुढे जायचे, मग उजवा पाय आणि उजवा हात. सरांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सगळी परेड थांबवून विचारलं, "हे पोट्टी उंटावरून उतरली काय वं?" मग सुट्टीनंतर रोज मला एकटीला मैदानावर चालवायला लागले. डाव्या पायाला आणि उजव्या हाताला एकाच रंगाची रिबीन बांधायचे आणि स्वतः माझ्यापुढे उलटे चालत मला बघायचे. मी विचार करकरून हात पुढे काढायचे, तो नेमका चुकीचा निघायचा. शेवटी एका संध्याकाळी कंटाळून म्हणाले, "हात पायाले विचारून हालत नाही वं. तूच काहून मधात विचारून राहिली?" त्या दिवशी मी विचारणं सोडलं आणि हात बरोबर पडला. आज माझं सगळं पोट ज्या विद्येवर चालतं, तिचा पहिला धडा तोच.

सरांचा एक सिद्धांत होता. शिट्टी वाजली म्हणून परेड संपत नाही, घंटा झाली म्हणून संपत नाही. 'विसर्जन' हा हुकूम मिळाला तरच संपते. एकदा सकाळच्या परेडच्या मधेच शिपायाने येऊन सांगितलं की हेडमास्तरांच्या खोलीत तुमचा फोन आहे. सर आम्हाला 'सावधान'मध्ये ठेवून गेले. फोन गावाकडून होता, बोलणं शेतातल्या विहिरीवरून भावाभावांच्या भांडणावर गेलं आणि सर आम्हाला पार विसरले. इकडे पहिला तास सुरू झाला, वर्ग रिकामे, मास्तर लोक खिडक्यांतून बघताहेत आणि आम्ही मैदानात उभे. एक बकरी येऊन पुढच्या रांगेतल्या मुलीची वेणी हुंगून गेली, तरी ती हलली नाही. सर परत आले तेव्हा मास्तर त्यांच्यावर ओरडत होते आणि सर मात्र आमच्याकडे असे बघत होते की जणू विहीर त्यांच्याच वाट्याला आली. शेवटी घसा खाकरून त्यांनी 'विसर्जन' म्हटलं, तेव्हा कुठे आम्ही पाणी प्यायला पळालो.

बारावीनंतर मला पायाच्या आधाराची साधनं बनवण्याच्या शिक्षणाला प्रवेश मिळाला. त्या कोर्सचं इंग्रजी नाव इतकं लांब होतं की बाबांना ते कधी पूर्ण म्हणता आलं नाही, आणि ज्याचं नाव म्हणता येत नाही तिथे मुलीला एवढ्या दूर पाठवायचं कसं, या काळजीत ते स्टेशनवर उभे होते. सर तिथे आले. त्यांनाही त्या कोर्सबद्दल काडीची माहिती नव्हती. पण बाबांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी खणखणीत आवाजात सांगितलं, "भाऊ, आपली पोट्टी चालन्याची डॉक्टरीन होऊन राहिली." बाबांचा चेहरा एकदम मोकळा झाला. पुढे मी माझं काम पुष्कळांना पुष्कळ वाक्यांत समजावून सांगितलं, पण सरांच्या त्या वाक्याची सर कशालाच आली नाही.

सध्या मी रायपूरला तात्यापाऱ्यातल्या एका दवाखान्यात काम करते. टाच, घोटा, गुडघा दुखणारी माणसं आमच्याकडे येतात. आम्ही त्यांना अनवाणी चालायला लावतो, पुढून-मागून बघतो, मोबाईलवर चित्रण करतो, पाऊल कुठे आत कलतं, गुडघा कुठे वाकायला नाही म्हणतो ते शोधतो आणि त्या हिशेबाने बुटात घालायचे इनसोल बनवतो. खरी चाल दिसली तर इनसोल बरोबर होतो, नाही दिसली तर तो नुसता रबराचा तुकडा.

सर निवृत्तीनंतर मुलाकडे रायपूरच्याच चौबे कॉलनीत राहायला आले होते. पहिली काही वर्षं त्यांनी तिथल्या बागेत सकाळी फिरणाऱ्या लोकांना नकळत तीन-तीनच्या रांगेत आणून ठेवलं होतं. मग एक दिवस काकूंचा फोन आला. "पोरी, तुह्या सरायची टाच लय दुखते, गुडघा बी. पन दुखन्याचं काही नाही. लोकायसमोर लंगडत जायचं नाही म्हनतात. दिवायीपासून फाटकाच्या बाहेर पाय टाकला नाही. मानूस बसल्या जागी वाळून राहिला." मी म्हटलं, उद्याच घेऊन या. आमच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, जन्मभर टाच आपटून चालल्याचं हे दुखणं आहे, अजून काही बिघडलेलं नाही, इनसोल नीट बसला तर चालते होतील. म्हणजे सर पुन्हा फाटकाबाहेर पडणार की नाही, हे आता माझ्यावर आलं होतं.

आमच्या धंद्यात जुन्या बुटाचा तळ हा पहिला साक्षीदार असतो. तो कुठे झिजला आहे ते पाहिलं की अर्धं काम होतं. सरांना मी मुद्दाम रोजचे जुने बूट घालून यायला सांगितलं होतं. सरांनी ते आदल्या दिवशी मुलाच्या हाती मोच्याकडे पाठवून नवीन तळ लावून घेतले. डॉक्टरकडे घासलेल्या बुटांनी जायचं म्हणजे काय, असं त्यांचं म्हणणं. मग शाईचा ठसा घ्यायला मी त्यांना कागदावर उभं केलं. सरांनी टाचा जुळवल्या, पंजे फाकवले, छाती पुढे काढली आणि दोन्ही पायांवर वजन असं तोलून विभागलं की ठसे उंबऱ्यावरच्या लक्ष्मीच्या पावलांसारखे देखणे उमटले. उपयोग मात्र काहीच नव्हता. आता त्यांना चालताना बघणंच काय ते उरलं.

आमच्या दवाखान्यात एक लांब व्हरांडा आहे, त्याच्या उजव्या बाजूला मी स्टँडवर मोबाईल लावला. सर निघाले. हात खांद्यापर्यंत वर, टाच फरशीवर अशी की आतल्या खोलीतला कपाटाचा आरसा थरथरला. मोबाईलच्या जवळ आले तशी मान झटक्याने उजवीकडे वळली आणि सरांनी मोबाईलला सलामी दिली. बाकावर उरला नावाच्या कारखान्यांच्या भागातल्या रोलिंग मिलमधला एक कामगार गुडघ्याला पट्टा बांधून बसला होता. तो आदराने उभा राहिला. सरांनी परत येताना त्याचा खांदा थोपटून त्याला सांगितलं की पोक काढून उभं राहू नये, छाती बाहेर पाहिजे. तो मान डोलावत "हव गुरुजी" म्हणाला आणि त्याची पाळी आली तेव्हा तोही तसाच छाती काढून चालला. त्या दिवशी माझी दोन चित्रणं वाया गेली.

मी म्हटलं, "सर, थोडं ढिलं चाला ना."

"ढिलं?" सर माझ्याकडे बघत राहिले. "ढिलं चालनं तर मीच सोडवलं तुहं. आता तूच मले शिकवते?"

विद्यार्थ्याची हीच अडचण असते. मी सरांना कायम समोरून पाहिलं होतं. आता त्यांच्या मागे उभं राहून त्यांची टाच कुठे कलते ते बघायचं, म्हणजे चोरून त्यांचा खिसा बघण्यासारखं वाटत होतं. जे दिसलं त्यावर अंदाज बांधून मी पहिले इनसोल बनवले. आठवड्याने काकूंनी कळवलं, "त्या बुटानं सलामी बराबर होते. पन दूध आनायले जाता येत नाही." मग मी काकूंना सांगितलं, सर घरात आपल्या तंद्रीत चालत असतील तेव्हा खिडकीतून गुपचूप चित्रण करा. त्यांनी पाठवलेल्या चित्रणात बराच वेळ काकूंचा अंगठा होता, मग एक हलणारी भिंत, आणि शेवटी सरांचा आवाज, "मोबाईल सरळ धर वं, माहा पाय कापला जाऊन राहिला." पाठोपाठ भिंतीसमोरून छाती काढून सर गेले.

पुन्हा बोलावलं. पुन्हा तेच. आमच्या काउंटरवरची दीदी माझ्या कानात म्हणाली, "मैडम, अंकल को रहने दो, इनका जूता नहीं, बैंड बनाना पड़ेगा." सर व्हरांड्याच्या टोकाला पुढच्या हुकमाची वाट बघत ताठ उभे होते. कपाळावर घाम होता. दुखत होतं हे दिसत होतं, पण ते दुखणं सरांनी 'सावधान'मध्ये उभं करून ठेवलं होतं. बाकावर बसलेल्या काकूंनी पिशवी मांडीवर घेतली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "याहीचं असंच हाय बापा. शाळेनं निरोप देल्ला, शाल देल्ली, नारळ देल्लं. त्या दिवशी बी पोट्ट्यायची परेड याहीनंच सोडली. याहीले कोन सोडते?"

मला बकरी आठवली. वेणी हुंगली गेली तरी न हललेली ती मुलगी मीच होते.

मी व्हरांड्याच्या मधोमध जाऊन उभी राहिले. मोबाईल सुरू केला. जो हुकूम मी द्यायला निघाले होते तो शाळेत फक्त एका माणसाच्या तोंडून निघायचा. टाचा जुळवल्या आणि ओरडले, "परेड... विसर्जन!"

सरांच्या भुवया वर गेल्या. क्षणभर वाटलं, आता आपल्याला मैदानाच्या चकरा मारायला लावतील. मग सर उजवीकडे वळले, सलामी दिली, हात खाली आणला. आणि हाताबरोबर खांदे खाली आले. खांद्यांबरोबर छाती, छातीबरोबर कंबर. सर हळूहळू काकूंच्या बाकाकडे चालू लागले. डावं पाऊल आत कलत होतं, उजवा गुडघा वाकत नव्हता, टाच जमिनीला लागू नये म्हणून ते पंज्यावरून पाऊल टाकत होते आणि एक हात भिंतीला धरून होता. मी त्यांच्या मागे होते. एवढं सगळं किती दिवसांपासून त्या ताठ पाठीमागे चाललं होतं, कोण जाणे. मला जे बघायचं होतं ते सगळं दिसलं, आणि बघवत नव्हतं.

सर बाकावर टेकले. दोन्ही हातांनी गुडघा दाबला. मग म्हणाले, "आवाज घशातून काढून राहिली तू. पोटातून काढ. पुन्हा दे."

मी पुन्हा दिला, पोटातून. सर पुन्हा तसेच चालले. दुसरं चित्रण पहिल्याहून चांगलं आलं.

काकू पदराने डोळे पुसत हसत होत्या. "एवढं म्हनल्यानं मानूस मोकळा होते हे मले मालूम असतं," त्या म्हणाल्या, "तर लग्नाच्या मांडवातच म्हनलं असतं."

नवे इनसोल आतल्या बाजूने उचलून घेतले, टाचेखाली मऊ खळगा ठेवला. सरांनी ते घालून व्हरांड्यात दोन फेऱ्या मारल्या आणि तक्रार केली की आवाजच येत नाही. मी म्हटलं, सर, ते तसेच बनवले आहेत. नंतर काही दिवस फोन नव्हता. मग काकूंचा आला, त्यात सरांबद्दल काही नव्हतं; सर आणतात ती लाल भाजी कशी जून असते, एवढंच होतं. मी फोन ठेवून कितीतरी वेळ हसत बसले.

परवा सकाळी स्कूटीवरून चौबे कॉलनीतून जात होते. बागेच्या बाजूच्या रस्त्याने सर आणि काकू पाठमोरे चालले होते. सरांच्या हातात भाजीची पिशवी होती, तिच्यातून मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, शेंगा बाहेर डोकावत होत्या. सरांचं डावं पाऊल अजून थोडं आत कलतं. पाठ थोडी वाकली आहे, ती वाकलेली मी पहिल्यांदाच नीट पाहिली. काकू काहीतरी बोलत होत्या, सर मान हलवत होते, आणि जन्मभर काकूंच्या पुढे चाललेला माणूस त्यांच्या बरोबरीने, त्यांच्या पावलाने चालला होता. बागेतले लोक वेडेवाकडे, गटागटाने, गप्पा मारत फिरत होते आणि सर त्यांच्याकडे बघतही नव्हते.

मी स्कूटी थांबवून उतरले. हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. 'सर' म्हटलं असतं तर त्या टाचा लगेच जुळल्या असत्या, पाठ खांबासारखी झाली असती, आणि पिशवीतल्या शेंगांनीसुद्धा अंतर घेतलं असतं. ते दोघं रमतगमत गल्लीच्या वळणाशी पोचले आणि दिसेनासे झाले.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की स्कूटीच्या बाजूला मी टाचा जुळवून, हात सरळ खाली सोडून उभी आहे. मला सोडायला तिथे कोणी नव्हतं, म्हणून थोडा वेळ तशीच राहिले.