नवी चप्पल चावली

गुडघा दुखायचा थांबला आणि माझी जीभ सुटली. जाड तळाचे महागडे बूट घालून धावायचे तेव्हा गुडघा धरायचा. मग पातळ तळाचे घेतले, आणि हळूहळू कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीच्या हिरवळीवर अनवाणीच धावायला लागले. लिफ्टमध्ये भेटेल त्याला ऐकवायचे, "बूटच पाय बिघडवतात हो तुमचे!"

घरात ऐकून घेणारं हक्काचं माणूस म्हणजे सासूबाई. त्यांना जुना मधुमेह, तळपायांची सारखी आग. नवरा म्हणाला, "आईला तरी सोड." मी ऐकते कसली! "अहो आई, चप्पल काढून चालून तर बघा." त्या बिचाऱ्या रोज सकाळी माझ्या मागोमाग हिरवळीवर, पुढे पुढे फरसबंदीवरही. एक दिवस म्हणाल्या, "अगं, आता काही दुखत नाही बघ!" मी नवऱ्याकडे असं काही पाहिलं, की विचारू नका.

मग एकदा पायपुसण्यावर रक्त दिसलं. सासूबाईंच्या उजव्या पायाच्या अंगठ्याखाली जखम आतून चिघळली होती. डॉक्टर म्हणाले, "दुखत नव्हतं, कारण पायांना कळतच नाहीये. अंगठा वाचेल का, आत्ता सांगता येत नाही. अनवाणी चालत होतात?"

नवरा शेजारीच उभा. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "छे हो! ते कधीच सोडलं. नवी चप्पल चावली."

आणि मी, अख्ख्या सोसायटीला शहाणपण शिकवणारी, तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. रिक्षात त्यांनी माझा हात धरला, तो सोडवून घ्यावासा वाटत होता.

घरी आल्या आल्या नवऱ्याने चपलांचं कपाट उपसलं. "कुठाय ती नवी चप्पल? आत्ता फेकतो." नवी नव्हतीच. त्यांची जुनी मऊ कोल्हापुरी सापडली, वापरात नसल्याने धूळ बसलेली. "हीच असेल," म्हणत तो ती घेऊन दाराकडे निघाला.

"थांब," मी म्हटलं. "चप्पल नाही चावली. कालपर्यंत मीच त्यांना अनवाणी चालवलं. डॉक्टरांनाही उद्या मीच सांगते."

त्याने तरीही दाराची कडी काढली, चप्पल हातातच.

सासूबाई पलंगावरून म्हणाल्या, "फेकू नकोस रे ती. अंगठ्याची आहे. अंगठा राहिला तर घालीन."