ग्वाल्हेरला वाण माझं, मीटर साडूंचा

अधिक महिना लागला की जावयांचा भाव वधारतो. सासूबाईंचा फोन आला, "दोघे जावई एकदमच या, वाण देऊन टाकू." दोघे म्हणजे मी आणि माझे साडू सुनीलराव. मी थोरला. पण सुनीलराव ग्वाल्हेरातच, सासुरवाडीच्या शेजारी राहतात, त्यामुळे त्यांचं कौतुक रोज ताजं असतं. तरी गेलो.

इंदूरहून पहाटे निघा, ऊन तापायच्या आत गुना गाठाल. रस्ता चौपदरी, टोल भरपूर, चहा ढाबा बघूनच घ्या. शिवपुरीच्या पुढे आमच्या गाडीच्या मीटरमधल्या पडद्यावरचे आकडे अर्धेमुर्धे दिसू लागले. वेग कळेना, पेट्रोल कळेना. सर्व्हिस सेंटरला फोन केला, तर अख्खा मीटर बदला म्हणाले. म्हणजे सहलीचा खर्च दुप्पट.

"सुनीलरावांना दाखवू, ते असली दुरुस्ती घरीच करतात," बायको म्हणाली. इतक्या गोड आवाजात तिने लग्नात माझं नाव घेतलं नव्हतं.

ग्वाल्हेरला थाटीपुरात, सासुरवाडीला पोचलो. "आधी जेवून घ्या, गाडी काही भागून नाही जात," सासूबाई म्हणाल्या. पुरणाचे धोंडे आणि वर तुपाची धार. पोट भरलं, मन नाही.

संध्याकाळी सुनीलरावांनी मीटर काढून टेबलावर उघडला. "पट्टी सुटलीय, दादा. गर्मीत गोंद सोडतो." कागदासारखी पातळ केबल पडद्याच्या काचेला नुसती चिकटवलेली असते, ती सुटली होती. भोवती सगळं सासर. माझ्या हातात टॉर्च, हा थोरल्या जावयाचा मान.

त्यांनी स्पिरिटने कड पुसली, केबल ठेवली. ती गरम दाबून कायमची चिकटवायला सोल्डरिंग आयर्न तापलेलंच होतं. तेवढ्यात मला दिसलं: केबलवरच्या रेघा काचेवरच्या रेघांशी जुळत नव्हत्या. गप्प बसलो तर पडदा कायमचा आंधळा, आणि सुनीलरावांची भर सासुरवाडीत फजिती. ते दृश्य इतकं सुंदर होतं की टॉर्च हलला. पण गाडी माझी होती.

"डावीकडे घ्या जरा. एक रेघ चुकतेय."

त्यांनी केबल सरकवली, वर रबराची पट्टी ठेवून आयर्नने दाबली, मागे फोमचा तुकडा बसवला. गाडीत मीटर लावून चावी फिरवली. आकडे लख्ख. माझा वाटा सांगायला मी घसा साफ केला, तर सुनीलरावच म्हणाले, "दादांनी बघितलं म्हणून. नाही तर मी बिघाडलाच होता."

सासूबाईंचे डोळे भरले. "एवढं करून नाव दुसऱ्याचं घेतो. असा कोण असतो आजकाल?" आणि अनारशांचा डबा आधी त्यांच्याकडे सरकला. माणसाने वर उदारही असावं, ही हद्द झाली.

किल्ला लांबूनच पाहिला, सराफा बाजार बायकोने पाहिला. उन्हाळ्यात जाणार असाल तर गाडी सावलीत लावा.

मीटर उत्तम चालतोय. परवा शेजाऱ्यांना सगळा किस्सा रंगवून सांगितला, रेघेपाशी मुद्दाम थांबलो. ते म्हणाले, "मोठे सज्जन दिसतात हो तुमचे साडू. नंबर देता का त्यांचा?"

दिला. एक आकडा बदलून.