टॉलरेट म्हणजे सोसणे

इंदापूरच्या हायस्कुलात आम्हाला इंग्रजी शिकवणाऱ्या सरांना सगळे ‘मूळसर’ म्हणत. कुणी चुकीचा शब्द वापरला की त्यांचे कान लाल होत आणि प्रश्न येई, “याचं मूळ काय?” पुण्यात शिकताना एका पाद्रीबाबांनी त्यांना लॅटिन शिकवलं होतं. मूळ न बघता शब्द वापरणाऱ्याला ते तोंडावर ‘उधळ्या’ म्हणत, मग समोर हेडमास्तर का असेनात.

त्या काळी शाळेत आम्ही तिघीच मुली. वर्गात जागा नाही असं सांगून संस्थेच्या अध्यक्षांनी आम्हाला व्हरांड्यात बसवलं होतं. झड आली की वह्या भिजत. वर्गातले मागचे बाक मात्र रिकामे असत. सर भांडत; हेडमास्तर नुसतं “बघू” म्हणत.

एकदा इन्स्पेक्टर आले. सभेत अध्यक्ष ऐटीत इंग्रजीतून म्हणाले, “वुई टॉलरेट गर्ल्स आल्सो.” आपण केवढे उदार, असा त्यांचा चेहरा.

मूळसर ताडकन उठले. “शब्द मागे घ्या! टॉलरेटचं मूळ लॅटिन, टोलेरारे. म्हणजे भार वाहणं, दुखणं सोसणं. दाढदुखी सोसावी माणसानं. या पोरी काय दाढदुखी आहेत?”

“आता त्याचा अर्थ ‘चालवून घेणे’ असा होतो,” हेडमास्तर पुटपुटले.

“मग ते त्याहून वाईट! शाळा त्यांचीही आहे. तुम्ही कोण चालवून घेणारे?”

“मास्तर, खाली बसा!” अध्यक्ष ओरडले.

“त्या आत बसल्या की बसतो.”

इन्स्पेक्टर उठले आणि व्हरांडा बघून आले. दुसऱ्या दिवशी आम्ही वर्गात होतो. महिनाअखेर मात्र उद्धटपणाचा ठपका ठेवून सरांना काढून टाकलं. एकाही शिक्षकानं तोंड उघडलं नाही. तो संताप अजून माझ्या अंगात आहे.

सर गावी निघाले त्या सकाळी माझे वडील, आबा, मला घेऊन एसटी स्टँडवर गेले. आबा उसाचे शेतकरी, भिडस्त माणूस.

“मास्तर, आमच्या पोरीपायी तुमची नोकरी गेली. हिला आता घरीच बसवतो,” आबा म्हणाले.

सरांचे कान लाल झाले. “हिच्यापायी नाही, आबा! ज्यांनी काढलं त्यांच्यापायी गेली. त्याची शिक्षा हिला? खबरदार!”

गाडी बारामतीच्या रस्त्याला लागली तरी ते खिडकीतून आबांवर ओरडतच होते. आबा धुळीत तसेच उभे राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “चल, शाळंची येळ झाली.”