छातीवरचं आडनाव

अमरावतीच्या एका हॉटेलात मी चार वर्षं बारचा कॅप्टन, म्हणजे वेटरांवरचा प्रमुख होतो. शेवटच्या वर्षी मालकाचा मेहुणा मॅनेजर म्हणून आला. आधी त्याचं टाइल्सचं दुकान होतं. कुणाला तोंडावर काही सांगायची त्याची हिंमत नसे. सुट्टी नाकारायची असो की ड्युटी बदलायची, "तू सांगून दे" म्हणायचा. आणि मी सांगून यायचो. साहेबांचा भरवसा आहे, असं मला वाटायचं.

एका दुपारी बार उघडायच्या आधी त्यानं मला केबिनमध्ये बोलावलं. आमचे सगळ्यात जुने वेटर भातकुलीकडचे काका. एका नेहमीच्या गिऱ्हाइकानं त्यांच्या छातीवरच्या पट्टीवर आडनाव वाचलं, जात ओळखली आणि 'दुसरा माणूस पाठवा' असं सांगितलं होतं.

"त्याले सांग, पट्टीवर फक्त नाव ठेवाचं."

"सगळ्यांचंच आडनाव काढायचं का?"

"सगळ्यांचं कायले? त्याचंच."

नाही म्हणायला हवं होतं. ग्लास तिरपा धरून बिअर कशी ओतायची, इथपासून सगळं मला काकांनी शिकवलेलं. मी त्यांच्याकडे गेलो आणि खोटं बोललो. "काका, नव्या पट्ट्या येऊन राहिल्या. आडनाव नाही राहणार."

"कावून?"

"छोट्या आहेत. मावत नाही."

संध्याकाळपर्यंत त्यांना कुणाकडून तरी खरं कळलं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर ते मॅनेजरला म्हणाले, "मले जे सांगाचं, ते तुमी सोता सांगा."

मॅनेजरनं माझ्याकडे बोट केलं. "मी कुठं काय म्हटलं? यानंच सांगतलं असन."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी खाली मान घालून काउंटर पुसत राहिलो. पुसलेलाच काउंटर. त्याच आठवड्यात काकांनी नोकरी सोडली.

वर्षभरानं मी अकोल्याला त्यांना शोधत गेलो. एका लॉजच्या जेवणाच्या हॉलची सगळी जबाबदारी त्यांच्याकडे होती. त्यांनी चहा मागवला, घरच्यांची चौकशी केली. शेवटी मीच विषय काढला.

"नोकरी जाईन म्हणून तू भेला, हे समजलं मले," ते म्हणाले. "पण मले खरं सांगतलं असतं, तं तुही नोकरी जात नव्हती. आपल्या दोघातच राहत होतं ते."

मी माफी मागितली. ते "बरं" म्हणाले आणि गिऱ्हाईक आलं म्हणून उठून गेले.