माझ्या हाताखालची गाठ

मंगळवारी सकाळी नागपूरला दादाच्या छातीचा स्कॅन झाला. दुपारी डॉक्टरांनी सांगितलं, आजार फुफ्फुसात गेला आहे. त्यानंतर अकरा आठवड्यांनी दादा गेला. त्याला जाऊन आता महिना झाला.

दादा माझा थोरला भाऊ. उटनूरच्या शाळेत विज्ञान शिकवायचा, आदिलाबादजवळच्या आमच्या मावल्याहून रोज बसने जायचा-यायचा. गेल्या वर्षी बसमधून उतरताना त्याची मांडी दांड्यावर आपटली. काही दिवसांनी तिथे गाठ हाताला लागली. मुका मार आहे, रक्त गोठलं असेल, असं आम्ही सगळ्यांनी ठरवूनच टाकलं. आमच्याकडे अशा माराला मोहाच्या बियांचं तेल कोमट करून चोळतात. ते काम माझ्याकडे आलं. रोज संध्याकाळी, दोन महिने.

"जोर लाव ना बे," दादा दात आवळून म्हणायचा. "लायब्ररीत पानं पलटवून हात नरम पडले तुये." वहिनी आतून ओरडायच्या, "हळू चोळा भाऊजी, मास्तर हायेत ते, बोंबलतीन!" मी जोर लावायचो. अंगठ्याखाली गाठ टणक होत गेली. टणक झाली म्हणजे आता जिरेल, असं मीच त्याला सांगायचो...

गाठ जिरेना, तेव्हा काढलेल्या एक्स-रेत ती पांढरी दिसली. दादाने फिल्म खिडकीकडे धरली. मांडीच्या हाडावर बोट ठेवलं, मग त्यापासून दूर, मांसातल्या त्या पांढऱ्या डागावर. "हे हाडच हाय," तो म्हणाला. "पण इथं काऊन?" मुलांना हाडं शिकवणाऱ्या माणसाचा आवाज इतका बारीक झालेला मी पहिल्यांदा ऐकला. तुकडा काढून तपासल्यावर कळलं, हा हाड तयार करणारा कर्करोग आहे, पण हाडात न होता मांसात झालेला. क्वचितच होतो. ऑपरेशन झालं, सलाईनमधून औषधं झाली. पुढे दादा शेजारच्या खोलीत खोकला की माझं वाचन थांबायचं. दर तपासणीला मी एकच प्रश्न मनाशी धरून जायचो आणि न विचारता परतायचो. मी चोळल्यामुळे हा रोग पसरेल का?

त्या मंगळवारी दादानेच विचारलं. "साहेब, यानं मांडी चोळली म्हणून छातीत गेलं का?"

डॉक्टर लगेच म्हणाले, "नाही. हा आजार रक्तातून आपोआप जातो. मनात ठेवू नका."

बाहेर बाकावर बसल्यावर दादा म्हणाला, "ऐकलं ना? आता मेल्यासारखं तोंड नको करू. मरून तर मी राह्यलो." तो हसला, आणि हसता हसता खोकला.

पण मला आत बोलावण्याआधी दादा डॉक्टरांजवळ एकटाच बसला होता, दहा मिनिटं तरी. तिथे काय बोलणं झालं, ते 'नाही' तिथेच ठरलं का, ते त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. त्या डॉक्टरांकडे पुन्हा जाऊन विचारायची हिंमत माझ्यात नाही.

आई आमच्याबरोबरच राहते. तिचा गुडघा दुखतो. परवा तिने पाय पुढे केला, "बाबू, जरा चोळून देतं का?" मी शेजारच्या काकूंना बोलावून आणलं. आता रोज त्याच येतात. मी आईच्या पायाला हात लावत नाही.