गाठींपर्यंत पोचलेला आजार

पुण्याच्या इस्पितळात डॉक्टरांनी मला बाकावर बसवलं आणि माझ्या यजमानांना आत बोलावलं. मीही मागोमाग आत शिरले. आजार माझा, मग निकाल दुसऱ्याने का ऐकायचा? डॉक्टरांनी चष्मा काढला, यजमानांकडे पाहिलं आणि शेवटी मलाच सांगितलं, "गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर आहे, बाई."

दोन पाळ्यांच्या मध्येच रक्त जायचं, म्हणून आम्ही आलो होतो. मी चाकणच्या शाळेत शिकवते. मुलींना "विचारा, विचारा" म्हणून सतावते, ती खोड इथेही सुटली नाही. हा आजार आत नेमका कुठे बसलाय याची उत्सुकता भीतीहून जास्त होती.

ऑपरेशन करून गर्भाशय काढलं. ओटीपोटातल्या दोन लिम्फ नोडमध्येही आजार सापडला. लिम्फ नोड म्हणजे काय, हे मी टाके काढायला आलेल्या डॉक्टरांना विचारलं.

"पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं ना? त्याच जातीच्या गाठी, आत असतात. आजार पसरताना आधी तिथे अडतो."

"अडला, मग चांगलंच की!"

"पुढे निसटलाय का, ते दिसत नाही. म्हणून डीप एक्स-रे द्यायचे." म्हणजे खोलवर जाऊन आजार जाळणारे किरण.

"परत येईल का?"

"गाठी साफ असत्या तर छातीठोक बोललो असतो. पहिली दोन-तीन वर्षं जपा. रक्त दिसलं, एक पाय सुजला, की लगेच निघायचं."

किरणांनी पोट बिघडलं. महिनाभर ताकभातावर काढला. मग कुरुळीला घरी आले. सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना, गर्भाशय काढल्याचं सांगितलं नाही. लाज वाटली. पोटात गाठ होती, काढली, एवढंच बोलले.

सव्वा वर्षाने लुगड्याला रक्ताचा डाग लागला. तो आत्याबाईंनीच आधी पाहिला. आमच्याकडे पाळी आली की ओसरीच्या टोकाला वेगळं बसायचं. त्यांनी हसत तिथे घोंगडी टाकली.

"सुरू झालं न्हवं? म्हंजी बरी झालीस गं पोरी!"

त्यांचा आनंद पाहून मला रडू फुटलं. मग सगळं सांगितलं. पिशवीच काढलीय, आता पाळी येणारच नाही, हे रक्त आजाराचं असेल. शिवाशीव विसरून आत्याबाईंनी माझा हात धरला.

"चल. मी बी येते."

डॉक्टरांनी बायॉप्सी केली, म्हणजे छोटा तुकडा काढून तपासायला दिला. आठ दिवसांनी आम्ही दोघी निकालाला गेलो. आजार परतला नव्हता. किरणांनी नाजूक झालेल्या कातडीतून रक्त आलं होतं. मी हुश्श करून उठले. आत्याबाई मात्र उठेनात.

"डाक्टर, या वयात मला बी परत सुरू झालंय. साल झालं. मी म्हनलं, अंगात ताकद हाय अजून."

त्यांची तपासणी त्याच दिवशी झाली. तोच आजार, पण गर्भाशयाच्या तोंडाशीच होता, गाठींपर्यंत पोचला नव्हता. आत रेडियम ठेवून किरण दिले, त्याने त्यांना गुण आला.

माझं पुढे काय, ते डॉक्टर अजून ठामपणे सांगत नाहीत, आणि मी दर खेपेला विचारते. बायांनो, अवेळी रक्त दिसलं तर घोंगडीवर बसून राहू नका. त्या डागाने माझी झोप उडवली होती. आज मी त्याचे उपकार मानते, कारण त्याच्यामुळे आत्याबाई बोलल्या.